दिवाळीत रुग्णालयात राहावे लागणाऱ्यांसाठी : बेळगाव परिसरातील गटांना सविस्तर मार्गदर्शन

दिवाळी जवळ आली की रुग्णालयांतील बऱ्याच खाटा रिकाम्या होऊ लागतात. ज्यांची शस्त्रक्रिया थांबू शकते ते ती तुळशीच्या लग्नानंतरवर ढकलतात आणि ज्यांना थोडा आराम पडला आहे ते डॉक्टरांना विनवून वसुबारसेच्या आत डिस्चार्ज घेतात. मागे राहतात ते हलवता येत नाहीत असे रुग्ण : अपघातात हाडे मोडलेले, भाजलेले, डायलिसिसवर असलेले, केमोथेरपी सुरू असलेली मुले आणि ज्यांची बाळे दिवस भरण्याआधी जन्मली म्हणून काचेच्या पेटीत आहेत अशा माता. बेळगावच्या रुग्णालयांत यांतील अनेक जण दुरून आलेले असतात. खानापूर तालुक्यातील जंगलपट्टीतून, अथणी-रायबागकडून, त्याचप्रमाणे सीमेपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज आणि दोडामार्ग भागांतूनही लोक उपचारासाठी इथेच येतात. सणाच्या दिवशी घरची पूजा, गोठ्यातील जनावरे आणि गर्दीने भरलेल्या बसगाड्या यांमुळे त्यांच्याकडे भेटायला येणारे कमी होतात. एरवी डबा घेऊन येणारा भाऊसुद्धा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी येऊ शकत नाही.

अशा रुग्णांपर्यंत सण नेऊ इच्छिणाऱ्या मंडळांसाठी, महिला गटांसाठी, शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी आणि एखाद्या गल्लीतील चार घरांनी मिळून काही करायचे ठरवले असेल तर त्यांच्यासाठीही हा लेख आहे. त्यातील सर्व सूचनांमागे एकच धोरण आहे : आधी वॉर्डात जाऊन विचारावे, मग बाजारात जावे. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. केळी, सफरचंदे आणि बिस्किटांचे पुडे आधी खरेदी होतात, ते घेऊन पंधरा-वीस जण वॉर्डात शिरतात, प्रत्येक खाटेजवळ छायाचित्र निघते आणि दहा मिनिटांत सर्व आटोपते. देणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी त्यात ज्याला केळे वर्ज्य आहे त्यालाही केळेच मिळते आणि ज्याला टॉवेल हवा होता त्याला तो कुणी विचारलेलाही नसतो.

परवानगी आणि पहिली भेट

दसऱ्याचे सोने वाटून झाले की कामाला लागावे. दसरा ते दिवाळी हे सुमारे वीस दिवस परवानगी, चौकशी, खरेदी आणि बांधाबांध यांना पुरतात. धनत्रयोदशीला सुचलेली कल्पना मात्र त्या वर्षी नीट पार पडत नाही. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकारी यांच्या नावे अर्ज द्यावा. कर्नाटकात सरकारी कामकाजाची भाषा कन्नड असल्यामुळे अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा आणि सोबत एक प्रत आपल्याकडे पोच म्हणून ठेवावी. गटात कन्नड लिहिणारे कुणी नसेल तर शेजारच्या कन्नड शाळेतील एखादे शिक्षक आनंदाने लिहून देतात. खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयात जनसंपर्क अधिकाऱ्यांना भेटावे आणि त्यांच्यामार्फत मेट्रनपर्यंत पोहोचावे, कारण वॉर्डाचा खरा कारभार परिचारिकांच्या हाती असतो.

अर्जात गटाचे नाव, दोन जबाबदार व्यक्तींचे फोन क्रमांक, येणाऱ्यांची संख्या, कोणत्या वॉर्डात किती वाजता येणार आणि काय आणणार हे स्पष्ट लिहावे. आपण रुग्णांची छायाचित्रे काढणार नाही, असेही त्यात स्वतःहून लिहावे. या एका वाक्याने अधिकाऱ्यांचा संकोच बराच कमी होतो.

कोणते रुग्णालय निवडावे याबाबत एक आग्रहाची सूचना आहे. शहरातील जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सवयीने सिव्हिल म्हणतो, आणि नेहरूनगरचे केएलई रुग्णालय ही मोठी ठिकाणे सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे अनेक गट तिथेच जातात. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, गोकाक, अथणी, रायबाग, बैलहोंगल अशा तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत मात्र सणाला क्वचितच कुणी फिरकते. तुमचे गाव निपाणी-संकेश्वरच्या बाजूला असेल तर बेळगावपर्यंत येण्याऐवजी जवळचे रुग्णालय धरावे. तिथे रुग्ण कमी असतात, प्रत्येकाजवळ बसायला वेळ मिळतो आणि नंतर पुन्हा जाणेही जमते.

तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. दिवाळी १ नोव्हेंबरच्या आसपास आली तर त्या दिवशी बेळगाव शहरात राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि मराठी भाषकांची काळ्या दिनाची फेरी असते, रस्ते बदलले जातात आणि सामानाची गाडी रुग्णालयापर्यंत नेणे अवघड होते. दुसरे म्हणजे इतर कोणते गट कधी येणार आहेत, हे मेट्रनना विचारावे. सारे जण पहिल्या अंघोळीच्या दिवशी सकाळी येतात आणि पाडव्याच्या दुपारी वॉर्ड सुनासुना असतो. माझ्या मते पाडवा किंवा भाऊबीज निवडणे सर्वांत चांगले. भाऊबिजेला बहीण ओवाळायला येऊ शकली नाही याचे दुःख मोठ्या माणसालाही होते.

वॉर्डात काय विचारावे

परवानगी मिळाल्यावर दोघांनीच जाऊन वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना भेटावे. परिचारिकांच्या पाळ्या साधारणपणे सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या सुमारास बदलतात. त्या वेळा आणि डॉक्टरांच्या राउंडची वेळ टाळावी. वही सोबत न्यावी. साधारण किती खाटा भरलेल्या असतील, त्यांत पुरुष, स्त्रिया आणि मुले किती, रुग्णासोबत राहणारी माणसे किती, कोणत्या भाषा बोलल्या जातात, कोणत्या खाण्यावर बंधन आहे आणि वॉर्डात नेहमी कोणत्या साध्या वस्तूंची चणचण असते, एवढे विचारावे. रुग्णांची नावे आणि आजार विचारू नयेत. ती माहिती त्यांची खासगी आहे आणि आपल्याला तिची गरजही नाही. खाटेच्या क्रमांकासमोर ‘गोड नको’, ‘मीठ नको’, ‘तोंडाने काही नको’, ‘भेट नको’ अशा खुणा मिळाल्या तरी काम भागते.

‘भेट नको’ ही खूण विशेषतः प्रसूती विभागात महत्त्वाची आहे. तिथे एखाद्या मातेचे बाळ दगावलेले असते आणि ती इतर बाळंतिणींच्या शेजारच्याच खाटेवर असते. तिच्यासमोर हसतमुखाने झबले-टोपडे धरले गेले तर ती जखम आयुष्यभर राहील. सिस्टरना आधी विचारल्यास हे सहज टाळता येते. तिच्यासाठी काही न्यायचेच असेल तर टॉवेल, तेल, पाण्याची बाटली अशी इतरांची पिशवी सिस्टरच्या हातून द्यावी.

पिशवीत काय घालावे

रुग्णालयात अचानक दाखल झालेल्या कुटुंबाकडे साध्यासुध्या वस्तू नसतात. घाईत निघालेले लोक कागदपत्रे आणि पैसे घेतात. कंगवा, टॉवेल आणि चपला घरीच राहतात. म्हणून मोठ्यांच्या पिशवीत सुती टॉवेल किंवा पंचा, अंगाचा साबण डबीसह, दात घासण्याचा ब्रश आणि पेस्ट, कंगवा, खोबरेल तेलाची लहान बाटली, स्टीलचा पेला आणि वाटी, झाकणाची पाण्याची बाटली, रबरी चपला आणि पायमोजे असावेत. दिवाळीनंतर बेळगावात थंडी वाढत जाते आणि वॉर्डातील उंच छतांखाली ती पहाटे अधिक जाणवते, त्यामुळे म्हाताऱ्या रुग्णांसाठी कानटोपी आणि पातळ पांघरूण घ्यावे. लोकरीपेक्षा सुती पांघरूण बरे, कारण ते गरम पाण्यात धुता येते. चपला घेताना रबरी तळाच्या, न घसरणाऱ्याच घ्याव्यात. उग्र वासाचे साबण, अत्तरे आणि उटण्याची पुडी टाळावी. उटण्याशिवाय दिवाळी कशी, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण दम्याच्या रुग्णाला वासाचा त्रास होतो आणि ताज्या टाक्यांवर किंवा भाजलेल्या त्वचेवर उटणे लागता कामा नये.

वस्तूंइतकाच वेळ घालवण्याच्या साधनांचाही विचार करावा. मराठी वाचकाला दिवाळी अंक मिळाला की घरची दिवाळी आठवते. गेल्या वर्षीचे जुने अंकही चालतात, मात्र ते स्वच्छ आणि पाने सुटी न झालेले असावेत. कन्नड नियतकालिकांचेही दीपावली विशेषांक निघतात, तेही तितक्याच संख्येने घ्यावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लहान रेडिओ एखाद्या वॉर्डाला भेट देता येतो, तो किती आवाजात लावायचा हे सिस्टर ठरवतील. सोंगट्यांचा पट, पत्त्यांचा जोड, शब्दकोड्यांची वही आणि पेन्सिल या स्वस्त वस्तू हाडांच्या वॉर्डात फार उपयोगी पडतात, कारण तिथे तरुण मुले पाय टांगून आठवडेच्या आठवडे पडून असतात.

पिशवी कापडीच असावी. गावातील स्त्रीशक्ती गटाकडून शिवून घेतल्यास त्यांनाही काम मिळते. खरेदी शक्यतो दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात उरकावी. नंतर गणपत गल्ली आणि खडेबाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि घाऊक दुकानदाराला आपल्याकडे लक्ष द्यायला सवड नसते. सर्व पिशव्या सारख्या दिसाव्यात आणि आतील फरक पिशवीच्या तळाशी खाटेच्या क्रमांकाच्या चिठ्ठीने ओळखावा, म्हणजे शेजारच्याला जास्त मिळाले असे कुणालाही वाटत नाही. ठरलेल्या संख्येपेक्षा दहाएक पिशव्या अधिक कराव्यात. रात्रीतून नवे रुग्ण दाखल होतात आणि त्यांना वगळणे फार वाईट दिसते.

प्रत्येक पिशवीत हाताने लिहिलेले एक पत्र घालावे. शाळेतील मुलांकडून लिहून घेतल्यास उत्तम. मुलांना ‘लवकर बरे व्हा’ एवढेच लिहायला न सांगता आपल्या अंगणातील किल्ला, म्हशींच्या शिंगांना लावलेला रंग किंवा आजीने केलेली कडबोळी यांविषयी चार ओळी लिहायला सांगावे. पडून असलेल्या माणसाला बाहेरच्या जगाची अशी बातमी हवी असते. ‘तुम्ही पूर्ण बरे होणारच’ असे आश्वासन कुणाला देऊ नये, कारण वाचणाऱ्याची स्थिती आपल्याला ठाऊक नसते. काही पत्रे मराठीत, काही कन्नडमध्ये आणि काही उर्दूत असावीत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि लिंगायत कुटुंबे एकाच वॉर्डात असतात, म्हणून पत्रात देवादिकांची चित्रे न काढता पणती, आकाशकंदील, फुले यांची चित्रे काढावीत.

फराळाचा प्रश्न

सर्वांत जास्त प्रेम आणि सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. रुग्णाच्या हातात थेट खाद्यपदार्थ देऊ नये, हा नियम कुणीही मोडू नये. ज्याची दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया आहे त्याला भूल देण्याआधी साधारणपणे किमान सहा तास आणि तळकट खाल्ले असल्यास आठ तास पोट रिकामे ठेवावे लागते. पोट भरलेले असताना भूल दिली तर उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कुणीतरी प्रेमाने दिलेला एक लाडू शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास पुरेसा होतो.

मधुमेहाच्या रुग्णाला साखर चालत नाही, हे सर्वांना माहीत असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाबाबतची माहिती मात्र फारशी नसते. डायलिसिसवरील रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठते आणि ते वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून केळी, शहाळ्याचे पाणी, सुकामेवा, संत्र्याचा रस हे आपण पौष्टिक मानलेले पदार्थ त्याला घातक ठरू शकतात. शिवाय मीठ आणि पाणी यांचेही माप त्याला ठरवून दिलेले असते, त्यामुळे चिवडा-चकलीही त्याच्या कामाची नाही. केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती उतरलेली असते, त्याला कापलेली फळे, कच्ची कोशिंबीर आणि उघड्यावर ठेवलेली मिठाई देऊ नये. आपला बेळगावी कुंदा खव्याचा असतो आणि फार दिवस टिकत नाही. गोकाकचे करदंट टिकते, पण त्यात सुकामेवा आणि गूळ दोन्ही भरपूर असतात. हे दोन्ही पदार्थ कर्मचाऱ्यांसाठी अवश्य न्यावेत.

मग रुग्णांना फराळ द्यायचाच नाही का? द्यावा, पण स्वयंपाकघराच्या वाटेने. मोठ्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. त्यांना आठवडाभर आधी भेटून, ज्यांना सर्व चालते अशा रुग्णांच्या त्या दिवशीच्या जेवणात एक गोड पदार्थ आपल्या खर्चाने घालता येईल का, असे विचारावे. साध्या आहारावरच्या रुग्णांना शेवयांची खीर किंवा मऊ शिरा बहुधा चालतो आणि तो रुग्णालयाच्याच स्वयंपाकघरात शिजल्यामुळे जबाबदारीही स्पष्ट राहते. जिथे आहारतज्ज्ञ नाहीत तिथे बंद पाकिटावर घटकपदार्थ आणि तयार केल्याची तारीख लिहून ती पाकिटे सिस्टरकडे सोपवावीत. कोणाला द्यायचे हे त्या ठरवतील. आपल्या भागात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत आणि दिवाळी हा त्यांच्यासाठी भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस आहे. कंदमुळे वापरली आहेत की नाहीत हे पाकिटावर लिहिल्यास त्यांची सोय होते. शेंगदाणे आणि काजू असतील तर तेही ठळक लिहावे.

ज्यांच्यासाठी मनमोकळेपणाने खाणे न्यावे असा एक वर्ग मात्र रुग्णालयातच असतो, तो म्हणजे रुग्णासोबत राहणारी माणसे. खाटेखाली चटई टाकून झोपणारी बायको, जिन्याखाली बसून राहणारा बाप, औषधांच्या दुकानाकडे दिवसातून चारदा पळणारा भाऊ यांची चौकशी क्वचितच होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आणि पाडव्याला रुग्णालयाभोवतीच्या बऱ्याच खानावळी आणि चहाच्या टपऱ्या बंद असतात आणि त्यांची अक्षरशः उपासमार होते. गटाची ताकद एकाच गोष्टीपुरती असेल तर मी हीच गोष्ट करण्याचा सल्ला देईन : त्या संध्याकाळी गरम जेवण न्यावे. भाकरी किंवा चपाती, एक उसळ, भात-आमटी, शेंगांची चटणी आणि एक गोड पदार्थ एवढे पुरे. जेवण वॉर्डाबाहेर, रुग्णालयाने दाखवलेल्या जागेत वाढावे, शिजवल्यापासून दोन तासांत संपेल असे पाहावे आणि जो रुग्णाला सोडून बाहेर येऊ शकत नाही त्याच्यासाठी डबा भरून पाठवावा. त्यांना लांब वायरचा मोबाइल चार्जर, डास पळवण्याचे मलम आणि चटई यांचाही मोठा उपयोग होतो.

रोषणाई आणि सजावट

वॉर्डात तेलाची पणती, मेणबत्ती, उदबत्ती आणि कापूर यांना पूर्ण बंदी असावी. ऑक्सिजन सुरू असलेल्या खाटेजवळ ठिणगीही भडका घेऊ शकते, कारण ऑक्सिजनमुळे साधे कापडही वेगाने पेटते. बॅटरीवरच्या पणत्या मिळतात, मात्र बऱ्याच पणत्यांत बटणासारखा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतच भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. म्हणून मुलांच्या वॉर्डात सेलचे झाकण स्क्रूने बंद होणाऱ्याच पणत्या न्याव्यात, त्या मुलांच्या हाती न देता उंचावर ठेवाव्यात आणि निघताना मोजून घ्याव्यात.

कागदी आकाशकंदील दिवा न लावताही सुंदर दिसतो. तो सिस्टरच्या टेबलावर किंवा बाहेरच्या मार्गिकेत टांगावा. रांगोळीची पूड फरशीवर घसरते आणि हवेतही उडते, तेव्हा पुठ्ठ्यावर काढलेली किंवा चिकटवायची रांगोळी भिंतीवर लावावी. झेंडूची ताजी तोरणे प्रवेशद्वाराशी असावीत, पण अतिदक्षता विभाग, भाजलेल्यांचा वॉर्ड आणि कर्करोग वॉर्ड येथे ताजी फुले आणि कुंड्या नेऊ नयेत. फुलांच्या पाण्यात आणि मातीत जंतू व बुरशी वाढते. रबरी फुगेही नकोत, काहींना रबराची ॲलर्जी असते आणि फुटलेला तुकडा मुलाच्या घशात अडकू शकतो. फटाक्यांविषयी एवढेच सांगतो की ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आसपासच्या गल्लीतील मंडळांना आधी भेटून याची आठवण करून देणे हीदेखील रुग्णांसाठीची भेटच आहे.

मुलांचा वॉर्ड

आपल्याकडे दिवाळी म्हणजे किल्ला. बेळगावच्या गल्लोगल्ली मुले दिवाळीत किल्ले उभारत असताना वॉर्डातील मुलांना त्याचीच हुरहुर लागते. माती आत नेता येत नाही, कारण आजारी मुलांना मातीतील बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. परंतु पुठ्ठ्याचा किल्ला करता येतो. खोक्यांचे स्वच्छ पुठ्ठे घरीच कापून, बुरूज, तटबंदी, दरवाजा असे भाग तयार करून न्यावेत, म्हणजे वॉर्डात कात्रीची गरज पडत नाही. येळ्ळूरजवळचा राजहंसगड यांतील अनेक मुलांनी पाहिलेला असतो, त्याचा नमुना घ्यावा. एका खाटेवरचे मूल बुरूज रंगवते, दुसरे तटावर दगडांच्या रेषा काढते, सलाईन लावलेले मूल एका हाताने झेंडा चिकटवते आणि शेवटी सर्व भाग वॉर्डाच्या मधल्या टेबलावर जोडले जातात. खाटेवरून उठता न येणाऱ्या मुलाला ‘किल्लेदार’ करून कुठे काय लावायचे ते त्याला ठरवू द्यावे. रंग मेणखडूंचे असावेत आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र डबी द्यावी, कारण एकाचे खडू दुसऱ्याने वापरल्यास संसर्ग पसरतो.

खेळणी नवीन आणि पुसून स्वच्छ करता येतील अशी असावीत. केसाळ मऊ बाहुल्या दिसायला गोड असल्या तरी त्यांत धूळ आणि जंतू राहतात. द्यायच्याच असतील तर धुता येणाऱ्या, प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणि एका मुलाला एक याप्रमाणे द्याव्यात. गोकाकची रंगीत लाकडी खेळणी आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहेत आणि मोठ्या मुलांना ती जरूर द्यावीत. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याला सुटा होणारा लहान भाग नसावा. किल्ल्यावरचे छोटे मावळेही त्या वयाच्या हाती लागू देऊ नयेत. चिवड्यातील शेंगदाणाही लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो, हे सोबतच्या पालकांना सांगून ठेवावे.

नवजात बाळांसाठी धुऊन वाळवलेली सुती झबली, टोपडी, दुपटी आणि पायमोजे चांगले. बाळाला हात लावू नये, पापा घेऊ नये आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवण्याचा आग्रह कुणी करत असेल तर नम्रपणे थांबवावे.

प्रत्यक्ष भेट

एका वॉर्डात सहापेक्षा जास्त जण नसावेत आणि त्यांनी जोडीने फिरावे, प्रत्येक जोडीत एकाला तरी कन्नड नीट यावे. ज्याला सर्दी, खोकला, ताप, जुलाब आहेत किंवा ज्याच्या घरात कुणाला गोवर अथवा कांजिण्या आहेत त्याने त्या दिवशी घरी राहून पिशव्या भरण्याचे काम करावे. लहान मुलांना वॉर्डात नेऊ नये; त्यांची पत्रे पुरेशी आहेत. वॉर्डात शिरताना, एका खाटेवरून दुसरीकडे जाताना आणि निघताना हात स्वच्छ करावेत. अल्कोहोलयुक्त द्रव २० ते ३० सेकंद चोळावा, हात दिसण्याइतके मळलेले असतील तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवावेत. क्षयरोग वॉर्डात रुग्णालयाने दिलेला मास्क घालूनच जावे. क्षयरुग्णांना एका दिवसाच्या भेटीपेक्षा सलग पोषणाची गरज असते. २०२२ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत ‘निक्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवून किमान सहा महिने एखाद्या रुग्णाला पोषक आहाराची टोपली देता येते. त्याची चौकशी तिथल्याच क्षयरोग विभागात करावी.

खाटेवर बसू नये. स्टूल असेल तर त्यावर बसावे, नसेल तर थोडे वाकून, रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर येऊन बोलावे. सुरुवात परवानगीने करावी : ‘मावशी, दोन मिनिटे बसू का?’ नको म्हणाल्या तर पिशवी ठेवून पुढे जावे. आक्का, अण्णा, मावशी, मामा या हाका आपल्या भागात दोन्ही भाषांतील लोकांना आपल्याशा वाटतात. कन्नड रुग्णाला ‘दीपावळी हब्बद शुभाशयगळु’ एवढे जरी नीट म्हटले तरी त्याचा चेहरा खुलतो. ‘काय झालंय?’, ‘किती खर्च आला?’, ‘आमच्या एका नातेवाइकाला हेच झालं होतं’ ही तीन वाक्ये कटाक्षाने टाळावीत. गाव कोणते, यंदा भात कसे आहे, उसाला तोड मिळाली का, घरी म्हशी कोण सांभाळते, असे विचारावे. माणूस आपल्या शेताविषयी बोलू लागला की थोडा वेळ तरी तो रुग्ण राहत नाही. बोलण्यापेक्षा ऐकण्याची तयारी ठेवावी आणि कुणी रडले तर घाईने समजूत घालू नये. शांतपणे जवळ थांबावे. औषधे, अंगारे, घरगुती उपाय सुचवू नयेत. रुग्ण झोपलेला असेल तर उठवू नये, पिशवी सोबतच्या माणसाकडे किंवा सिस्टरकडे द्यावी.

गाणी म्हणायची असतील तर तंबोरा किंवा एखादी लहान पेटी पुरे, ध्वनिवर्धक नको. एखादा अभंग आणि शरणांचे एखादे कन्नड वचन (भक्तिरचना), दोन्ही हळू आवाजात म्हणावे आणि पुढचे काय म्हणायचे ते रुग्णांनाच विचारावे. भाऊबिजेला ओवाळायचे असल्यास निरांजन न पेटवता, ताम्हनात बॅटरीची पणती ठेवून, रुग्णाची इच्छा विचारून ओवाळावे. वीस ते तीस मिनिटांत वॉर्ड सोडावा, कारण सणाचा आनंद झाला तरी आजारी माणूस लवकर थकतो.

कर्मचारी आणि त्यानंतरचे दिवस

सिस्टर, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पहारेकरी, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि १०८ रुग्णवाहिकेचे चालक यांचीही दिवाळी तिथेच जाते. त्यांना रोख रक्कम देऊ नये. प्रत्येक पाळीसाठी फराळाचा एक मोठा डबा न्यावा. रात्रपाळीचा डबा वेगळा बांधून त्यावर तसे लिहावे, नाहीतर तो दुपारीच संपतो.

गटातील निरोगी मंडळींनी त्याच आठवड्यात रक्तदानही करावे. सुट्यांत महाविद्यालयांतील शिबिरे बंद असल्यामुळे रक्तपेढ्यांत साठा कमी पडतो आणि प्लेटलेट्स तर सुमारे पाच दिवसच टिकतात. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असल्यास पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येते. सर्वांनी एकाच दिवशी न जाता रक्तपेढीला विचारून दिवस वाटून घ्यावेत.

भाऊबीज झाल्यावर चार-पाच दिवसांनी दोघांनी पुन्हा वॉर्डात जावे. उरलेल्या पिशव्या सिस्टरकडे ठेवता येतात, नव्याने दाखल होणाऱ्यांना त्या उपयोगी पडतात. कोणती वस्तू वापरली गेली, कोणती तशीच पडून राहिली आणि कशाची मागणी झाली, हे त्याच वहीत लिहून ठेवावे आणि खर्चाचा हिशेब देणगीदारांना कळवावा. नाताळात कॅम्प भागातील ख्रिस्ती कुटुंबांबरोबर किंवा रमजान ईदला मुस्लिम शेजाऱ्यांबरोबर असाच उपक्रम करायचा असेल तर ती वही त्यांच्या हाती द्यावी. वॉर्डाची माहिती, सिस्टरनी सांगितलेल्या वेळा आणि अर्जाचा कन्नड मसुदा त्यात तयारच असतो.